आवाज फाटावा, पण कसा?

ध्वनिवर्धकाचा आवाज त्याच्या कुवतीबाहेर वाढवला की तो चिरकतो, घरघरतो. मराठीत यासाठी नेमका शब्दप्रयोग आहे : आवाज फाटतो. जत्रेतल्या भोंग्यापासून शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या स्पीकरपर्यंत सर्वत्र हा अनुभव आपण घेतलेला असतो. वर्धक शिकवताना आपण विद्यार्थ्यांना सांगतो की, आत आलेल्या संकेताचे रूप न बदलता त्याचा आकार तेवढा मोठा करतो, तो चांगला वर्धक. रूप बदलले तर ते विरूपण आणि विरूपण हा दोष.

याच वर्गातला एखादा विद्यार्थी इलेक्ट्रिक गिटार शिकत असतो. त्याला हवा असतो तो नेमका हा फाटलेला आवाज. रॉक संगीताच्या ध्वनिमुद्रणांत त्याने तो ऐकलेला असतो : भरदार, लांबत जाणारा, गळ्यातून निघाल्यासारखा. त्याच्या घरी मात्र असतो सरावाचा लहान ॲम्प. एका हाताने उचलता येईल अशी पेटी, पाच ते पंधरा वॅटची, आत सहा किंवा आठ इंची स्पीकर. त्यावरचा 'गेन' नावाचा नॉब पूर्ण फिरवला की जो आवाज येतो तो पत्र्याचा डबा वाजवल्यासारखा किंवा डास गुणगुणल्यासारखा असतो. आवाज फाटतो खरा, पण हवा तसा नाही.

अशा वेळी जाणकार मंडळी तीन सल्ले देतात. एक, मोठा ॲम्प घे. दोन, ट्रान्झिस्टरचा नको, व्हॉल्व्हचा घे, कारण व्हॉल्व्हचे विरूपण गोड असते. तीन, गेन आणखी वाढव. या तीन सल्ल्यांची परीक्षा करणे हा या लेखाचा हेतू आहे. आमचे मत असे की, तिन्ही सल्ले अर्धवट आहेत आणि त्यांमागे विरूपणाविषयीची एकच अपुरी समजूत आहे. फाटलेला आवाज चांगला की वाईट, हे तो किती फाटला यावर ठरत नाही. फाटण्याआधी त्यात काय होते, तो कशा रीतीने फाटला आणि फाटल्यानंतर त्यातले काय गाळले गेले, यावर ते ठरते. किंमत आणि वॅट यांचा विचार त्यानंतर.

दोषाचा गुण कसा झाला

या आवाजाचा इतिहास म्हणजे बिघाडांचा इतिहास आहे. अमेरिकेत नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स या गायकाच्या 'डोंट वरी' या गाण्याचे ध्वनिमुद्रण चालू असताना मिश्रणयंत्राची एक वाहिनी बिघडली आणि ग्रेडी मार्टिनच्या सहा तारी बास गिटारचा आवाज खरखरीत उमटला. तो काढून न टाकता तसाच ठेवला गेला. हे गाणे १९६१ मध्ये लोकप्रिय झाले. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी पुढे तोच बिघाड मुद्दाम घडवून आणणारे छोटे मंडल तयार केले. १९६२ मध्ये ते 'माएस्ट्रो फझ-टोन' या नावाने बाजारात आले. त्यात जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर होते.

१९६४ मध्ये लंडनच्या 'द किंक्स' या गटातील डेव्ह डेव्हिस या तरुणाने आपल्या लहानशा, स्वस्त ॲम्पच्या स्पीकरचा कागदी शंकू दाढीच्या पात्याने चिरला आणि त्या ॲम्पमधून निघालेला संकेत दुसऱ्या मोठ्या ॲम्पला दिला. 'यू रिअली गॉट मी' या गाण्याची ओळख बनलेला आवाज असा तयार झाला. येथे 'आवाज फाटणे' हा शब्दप्रयोग अक्षरशः खरा ठरला. १९६५ मध्ये 'रोलिंग स्टोन्स'च्या 'सॅटिस्फॅक्शन' या गाण्यात कीथ रिचर्ड्सने फझ-टोन वापरला आणि तोवर फारसे गिऱ्हाईक नसलेल्या त्या यंत्राचा खप एकदम वाढला.

ही दोन गाणी शेजारी ठेवून ऐकली तर एक फरक जाणवतो. 'सॅटिस्फॅक्शन'मधली गिटार एका वेळी एकच स्वर वाजवते, अवघ्या तीन स्वरांत फिरते. फझ-टोनची छाटणी अतिशय कठोर आहे. एकेक स्वरावर ती एखाद्या पितळी वाद्यासारखी शोभते. रिचर्ड्सच्या मनात त्या जागी फुंकून वाजवायची पितळी वाद्येच होती. 'यू रिअली गॉट मी'मध्ये स्वरांचे गुच्छ आहेत, पण ते मुख्यतः षड्ज आणि पंचम एवढ्यांचे. येथली छाटणीही खडबडीत आहे, तरी गुच्छ स्पष्ट ऐकू येतात. दोन्ही ठिकाणी वादकाने आपल्या विरूपणाला झेपेल असेच स्वर निवडले आहेत. ही निवड आम्हांला यंत्राइतकीच महत्त्वाची वाटते, आणि नेमकी तीच सल्ला देणाऱ्यांच्या बोलण्यात येत नाही.

छाटणीत काय घडते

वर्धकाला ठरावीक व्होल्टेजपलीकडे जाता येत नाही. संकेताचा माथा त्या मर्यादेवर आपटला की तो छाटला जातो. साधा ज्या-तरंग आत गेला असेल तर बाहेर सपाट माथ्याचा तरंग येतो. फूरियेच्या पद्धतीने अशा तरंगाचे पृथक्करण केले तर त्यात मूळ वारंवारतेबरोबर तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा वारंवारतांचे नवे उपस्वर सापडतात. माथा आणि पायथा सारखेच छाटले गेले तर फक्त विषम पटींचे उपस्वर निर्माण होतात. पूर्ण चौकोनी तरंगात तिपटीचा उपस्वर मूळ स्वराच्या एक तृतीयांश, पाचपटीचा एक पंचमांश अशा आयामाचा असतो. माथा जास्त आणि पायथा कमी छाटला गेला तर सम पटींचे उपस्वरही येतात. छाटणीची कडा गोलसर असेल तर वरचे उपस्वर दुबळे राहतात, कडा तीक्ष्ण असेल तर ते बळकट होतात.

छाटणीचा आणखी एक परिणाम आहे. जोरात छेडलेला आणि हळूहळू विरत जाणारा स्वर, दोन्ही सारख्याच उंचीवर कापले जातात. त्यामुळे तार विरत असतानाही आवाज बराच वेळ टिकून राहतो. गिटारचा स्वर व्हायोलिनसारखा लांबतो तो यामुळे. पण त्याबरोबर विजेच्या वाहिन्यांमधून येणारी ५० हर्ट्झची गुणगुण आणि बोटांची खरखरही वर उचलली जाते. गेन जितका जास्त, तितका हा कचरा जास्त.

सम गोड आणि विषम कडू?

आता दुसरा सल्ला पाहू. व्हॉल्व्ह सम उपस्वर देतो म्हणून गोड, ट्रान्झिस्टर विषम देतो म्हणून कर्कश, असे वाक्य गिटारवाल्यांच्या बोलण्यात इतके रुळले आहे की ते निसर्गनियमासारखे सांगितले जाते. त्याचे मूळ बहुतांशी रसेल हॅम यांच्या १९७३ मधील एका शोधनिबंधात आहे. तो 'जर्नल ऑफ द ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटी'त प्रसिद्ध झाला. हॅम यांनी तपासले होते ते ध्वनिमुद्रणशाळेतील मायक्रोफोनचे पूर्ववर्धक. व्हॉल्व्हच्या पूर्ववर्धकावर जास्त भार पडला की दुपटीचा उपस्वर ठळक होतो आणि ट्रान्झिस्टरच्या वर्धकात तिपटीचा, असे त्यांना आढळले. विशिष्ट मंडलांविषयीचे हे निरीक्षण पुढे सर्व व्हॉल्व्ह आणि सर्व ट्रान्झिस्टर यांच्याविषयीचा सिद्धांत बनून बसले.

या सिद्धांताला दोन आक्षेप आहेत. पहिला मंडलाचा. उपस्वर सम की विषम, हे घटक काचेचा आहे की सिलिकॉनचा यावर ठरत नाही. ते छाटणी दोन्ही बाजूंनी सारखी आहे की नाही, यावर ठरते. मोठ्या व्हॉल्व्ह ॲम्पच्या अखेरच्या टप्प्यात सहसा दोन व्हॉल्व्ह एकमेकांच्या उलट काम करतात. या जुळणीत त्या टप्प्यातील सम उपस्वर बऱ्याच अंशी एकमेकांना रद्द करतात. १९६६ मध्ये जॉन मेयॉलच्या 'ब्लूजब्रेकर्स' गटाच्या ध्वनिमुद्रिकेत एरिक क्लॅप्टनने मार्शलचा असाच ॲम्प खूप मोठ्या आवाजात वाजवला होता आणि तो आवाज आजही गोड विरूपणाचा नमुना मानला जातो. उलट, ट्रान्झिस्टरच्या मंडलात एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन डायोड लावले की असमान छाटणी होते आणि सम उपस्वर हवे तेवढे मिळतात.

दुसरा आक्षेप कानाचा आणि तो मराठी वाचकाला लवकर पटेल. मूळ स्वराला षड्ज मानले तर दुपटीचा उपस्वर म्हणजे वरच्या सप्तकातला षड्ज, तिपटीचा म्हणजे त्याच सप्तकातला पंचम आणि पाचपटीचा म्हणजे दोन सप्तके वरचा शुद्ध गंधार. तंबोरा सुरेल लागला की खर्जाच्या तारेतून जो 'स्वयंभू गंधार' ऐकू येतो तो हाच. पाच ही संख्या विषम आहे, पण या गंधाराला कोणी कर्कश म्हटलेले आम्ही ऐकले नाही. उलट सातपटीचा उपस्वर आपल्या कोणत्याच स्वरावर नीट बसत नाही, आणि त्याच्या दुप्पट असलेला चौदापटीचा उपस्वर सम असूनही तितकाच परका आहे.

तंबोऱ्याचा दाखला केवळ उपमेसाठी दिलेला नाही. घोडीच्या किंचित गोलसर पृष्ठावर तार घासत राहते आणि खाली ठेवलेल्या दोऱ्याने ती जागा नेमकी साधली जाते. यालाच आपण जवारी म्हणतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले की, ज्या उपस्वराचा निस्पंद बिंदू तार छेडण्याच्या जागी येतो, जो साध्या सिद्धांताप्रमाणे उमटायलाच नको, तोही तंबोऱ्यात स्पष्ट उमटतो. तारेची हालचाल घोडीपाशी एका बाजूने अडवली जाते आणि त्या अडवणुकीतून नवे उपस्वर जन्मतात. मिरजेचे कारागीर जवारी लावताना हाताने आणि कानाने जे करतात, ते एका अर्थी विरूपणाला शिस्त लावण्याचेच काम आहे. जवारी बिघडलेला तंबोरा झणझणतो तेव्हाही उपस्वर असतातच. फक्त ते बेशिस्त असतात.

कर्कशपणा कोठून येतो, याचे उत्तर यातून मिळते. तो वरच्या, म्हणजे सात-आठ पटींच्या पलीकडच्या उपस्वरांच्या गर्दीतून येतो. छाटणीची कडा गोल केली किंवा नंतर वरच्या वारंवारता गाळल्या की तो कमी होतो. यासाठी व्हॉल्व्ह उपयोगी पडतो, पण तो अनिवार्य नाही.

दोन स्वर आणि बिनबोलावलेले पाहुणे

विरूपणाचा खरा कस एका स्वरावर लागत नाही, दोन स्वर एकत्र वाजवल्यावर लागतो. दोन वारंवारता एकाच वेळी छाटणीतून गेल्या की त्यांच्या बेरजा आणि वजाबाक्याही बाहेर येतात.

गिटारच्या सर्वांत जाड तारेचा स्वर ८२.४ हर्ट्झचा आणि त्याचा पंचम १२३.५ हर्ट्झचा. वजाबाकी ४१.१, म्हणजे जवळजवळ नेमका एक सप्तक खालचा षड्ज. बेरीज २०५.९, म्हणजे त्या खालच्या षड्जाच्या पाचपट, अर्थात गंधार. वादकाने फक्त षड्ज-पंचम छेडले आणि खालचा षड्ज व वरचा गंधार आपोआप हजर झाले. रॉक संगीतात दोन स्वरांचा हा गुच्छ 'पॉवर कॉर्ड' म्हणून ओळखला जातो. त्याचा भरदारपणा बहुतांशी या पाहुण्यांमुळे आहे.

आता पंचमाऐवजी गंधार घेऊ. गिटारच्या पडद्यांवर तो १०३.८ हर्ट्झचा पडतो. शुद्ध गंधार १०३.० चा हवा होता. गिटारवर सप्तकाचे बारा समान भाग केलेले असल्यामुळे हा फरक येतो. पहिल्या स्वराची पाचपट ४१२.०, दुसऱ्याची चौपट ४१५.३. दोघांमध्ये सेकंदाला तीनहून अधिक स्पंद ऐकू येतात. विरूपण नसताना हे उपस्वर दुबळे असतात म्हणून स्पंद खपून जातात. छाटणीने ते बळकट केले की सगळा गुच्छ घोगरा होतो. पंचमाच्या बाबतीत हेच गणित २४७.२ आणि २४६.९ असे येते, म्हणजे तीन-साडेतीन सेकंदांत एक स्पंद. तो कोणाला खटकत नाही.

तेव्हा विद्यार्थ्याचा गुच्छ चिखलासारखा वाटत असेल तर दोष ॲम्पचा असेलच असे नाही. तिसरा सल्ला, म्हणजे गेन आणखी वाढवणे, येथे तर उलटा पडतो. चार-सहा तारांचा गुच्छ वाजवायचा असेल तर गेन कमीच हवा.

लहान पेटीचे खरे दुखणे

मग लहान ॲम्पमध्ये काहीच उणे नाही का? आहे. पण ते वॅटचे नाही. पाच आणि पन्नास वॅटमधला फरक १० डेसिबल, म्हणजे कानाला साधारण दुप्पट मोठा आवाज, एवढाच. खोलीत सरावासाठी एक वॅटही पुष्कळ होतो. फेंडर कंपनीचा 'चॅम्प' हा सुमारे पाच-सहा वॅटचा, आठ इंची स्पीकरचा ॲम्प मुळात नवशिक्यांसाठी होता. १९७० मध्ये मायामी येथे 'लेला'च्या ध्वनिमुद्रणात क्लॅप्टनने तोच वापरला. मायक्रोफोनला पेटीचा आकार दिसत नाही. आज जो आवाज 'प्रचंड' म्हणून ऐकला जातो तो कधीकधी अशा लहान पेटीतून आलेला असतो.

खरे दुखणे गाळणीचे आहे. गिटारसाठी बनवलेला बारा इंची स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वर झपाट्याने मंदावतो. छाटणीतून आलेली वरच्या उपस्वरांची गर्दी तोच गाळून टाकतो. त्यामुळे स्पीकरला विरूपणाच्या साखळीतला अखेरचा गाळणारा म्हणायला हरकत नाही. पुष्कळ स्वस्त ॲम्पमध्ये मात्र कोणताही साधा स्पीकर बसवलेला असतो आणि छाटणी तीक्ष्ण असते. हेडफोन लावला की तर तीही गाळणी जाते आणि डास गुणगुणू लागतो.

खालच्या टोकाला आणखी एक घोटाळा होतो. हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवले. म्हणून विद्यार्थी 'बास' पूर्ण वाढवतो. त्याबरोबर रेकॉर्डसारखा आवाज यावा म्हणून 'मिडल' शून्यावर नेतो. काही ॲम्पमध्ये तर अशी रचना तयारच दिलेली असते. वाढवलेला खर्ज छाटणीच्या आधी मिसळत असेल तर सगळी छाटणी तोच खाऊन टाकतो आणि वरचे स्वर त्याच्या तालावर गुदमरतात. तो नंतर मिसळत असेल तर सहा इंची स्पीकरला ८० हर्ट्झ पेलत नाही आणि पेटी नुसती थरथरते. वास्तविक त्या खर्जाची गरजही कमी असते. १६५, २४७, ३३० हर्ट्झचे उपस्वर ऐकू आले की कान ८२ हर्ट्झचा मूळ स्वर स्वतःच जुळवून घेतो. गिटारचे व्यक्तित्व मधल्या पट्टीत असते आणि तीच काढून टाकल्यावर उरतो तो डबा.

याउलट योग्य क्रम कसा असतो, याचे चांगले उदाहरण म्हणजे १९७० च्या दशकाच्या अखेरीस आलेला आयबनेझ कंपनीचा 'ट्यूब स्क्रीमर' हा पायाने चालवायचा पेडल. त्यात सुमारे ७२० हर्ट्झच्या खालचा भाग छाटणीआधी कमी वाढवला जातो, दोन डायोड गोलसर छाटणी करतात आणि नंतर वरचा भाग गाळला जातो. आधी खर्ज आवरा, मग मऊपणे छाटा, मग वरची गर्दी गाळा. नावात 'ट्यूब' असले तरी आत एकही व्हॉल्व्ह नाही. दुसऱ्या सल्ल्याला यापेक्षा वेगळे उत्तर द्यायची गरज नाही.

अलीकडच्या पुष्कळ सराव ॲम्पमध्ये ही सारी साखळी आकडेमोडीने घडवतात. तेथेही तत्त्व तेच, पण एक नवा धोका येतो. सेकंदाला ४४,१०० नमुने घेणाऱ्या यंत्रात ५,००० हर्ट्झचा स्वर छाटला तर त्याचा सातपटीचा उपस्वर ३५,००० हर्ट्झवर पडायला हवा. यंत्राला तो मांडता येत नाही, म्हणून तो ९,१०० हर्ट्झवर दुमडून येतो आणि मूळ स्वराशी त्याचे काही नाते नसते. चांगली यंत्रे छाटणीपुरते नमुने अनेक पटींनी वाढवून हा दोष टाळतात. जी टाळत नाहीत, त्यांचा आवाज वरच्या स्वरांवर काचेसारखा करकरतो.

मग विद्यार्थ्याने काय करावे

वरील विवेचनातून काही साध्या गोष्टी निघतात. त्यांना पैसे लागत नाहीत.

१. सर्व नॉब मध्यावर आणि गेन शून्यावर ठेवून सुरुवात करावी. एखादा गुच्छ वाजवत गेन हळूहळू वाढवावा. गुच्छातली प्रत्येक तार वेगळी ऐकू येणे जेथे थांबते, त्याच्या थोडे अलीकडे थांबावे.

२. बास कमी करावा, दहापैकी तीनच्या आसपास. मिडल सहा-सातवर न्यावा. ट्रेबल कानाला बोचणार नाही इतपत ठेवावा.

३. गिटारवरचा व्हॉल्यूम थोडा उतरवला की छाटणी कमी होते. एकल स्वरांसाठी तो पूर्ण, गुच्छांसाठी कमी, असा हातानेच फेरफार करता येतो.

४. ॲम्प जमिनीवर, भिंतीच्या कोपऱ्यात ठेवू नये. कोपरा खर्ज फुगवतो. शिवाय वरच्या वारंवारता स्पीकरच्या समोर सरळ जातात. पायाशी ठेवलेल्या ॲम्पचा आवाज वादकाला मंद वाटतो, म्हणून तो ट्रेबल वाढवतो आणि समोरच्याचे कान किटतात. ॲम्प स्टुलावर ठेवून थोडा वर कलता करावा.

५. हेडफोन वापरायचा असेल तर स्पीकरच्या गाळणीचे अनुकरण करणारी सोय ॲम्पमध्ये आहे का, ते पाहावे.

६. बाहेरचा स्पीकर जोडण्याची सोय असेल तर ॲम्पवर लिहिलेल्या ओहमइतकाच रोध असलेला मोठ्या पेटीतला स्पीकर लावून पाहावा. व्हॉल्व्हचा ॲम्प मात्र स्पीकर न जोडता कधीही चालवू नये आणि उघडूही नये. आत काही शे व्होल्ट असतात आणि ते बंद केल्यावरही काही काळ राहतात.

लहान ॲम्पला एक गोष्ट जमणार नाही, हे मान्य केले पाहिजे. मोठ्या आवाजात स्पीकरच्या लहरींनी तारा पुन्हा थरथरू लागतात आणि स्वर संपतच नाही. हळू आवाजात ते होत नाही. पण या एका गोष्टीसाठी बारा-चौदा वर्षांच्या मुलाने बंद खोलीत पन्नास वॅटसमोर बसावे का? अमेरिकेतील 'नायॉश' ही संस्था ८५ डेसिबलला दिवसाकाठी आठ तासांची मर्यादा घालते आणि दर ३ डेसिबलला ती निम्मी करते. एका वॅटला, एक मीटर अंतरावर ९० डेसिबल देणारा साधा स्पीकर पाच वॅटला ९७ डेसिबल देतो, म्हणजे मर्यादा अर्ध्या तासावर येते. शिवाय तेवढ्याच उंचीच्या चौकोनी तरंगात ज्या-तरंगाच्या दुप्पट शक्ती असते, त्यामुळे फाटलेला आवाज कानाला आणखी जड जातो. 'मोठा ॲम्प घे' हा पहिला सल्ला खर्चिक तर आहेच, पण आमच्या मते तो बेजबाबदारही आहे. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

वर्गात

हा सगळा विषय अकरावी-बारावीच्या वर्गात एका तासात दाखवता येतो. प्रयोगशाळेतल्या संकेतजनकाचा २०० हर्ट्झचा तरंग दहा हजार ओहमच्या रोधातून न्यावा आणि पुढे दोन सिलिकॉन डायोड परस्परांच्या उलट जोडावेत. ०.६ व्होल्टच्या आसपास माथा सपाट झालेला दोलनदर्शकावर दिसेल. जर्मेनियम डायोड घेतले तर तो ०.३ व्होल्टच्या सुमारास आणि अधिक गोलसर कापला जाईल. लाल प्रकाश देणारे डायोड घेतले तर सुमारे १.७ व्होल्टला. एका बाजूला दोन डायोड लावले की छाटणी असमान होते.

दोलनदर्शक नसेल तर संगणकावर 'ऑडॅसिटी' या विनामूल्य प्रणालीत हेच करता येते. २०० हर्ट्झचा स्वर छाटून त्याचा वर्णपट पाहावा : ६००, १,००० हर्ट्झवर शिखरे उभी राहतील. मग २०० आणि ३०० हर्ट्झचे स्वर मिसळून छाटावेत. १०० हर्ट्झवर एक शिखर दिसेल, जे आपण घातलेच नव्हते. तो पाहुणा कोठून आला, असे विद्यार्थ्यांना विचारावे. २०० ची दुप्पट वजा ३००, हे उत्तर कोणीतरी देतेच. मग तोच आवाज ऐकवावा.

असा तास घेतलेल्या वर्गाला 'विरूपण म्हणजे दोष' हे वाक्य पुरणार नाही. बातम्या ऐकायच्या असतील तर विरूपण दोषच आहे. गिटार वाजवायची असेल तर तो वाद्याचा भाग आहे आणि त्याची निवड वादकाने जाणून करायची असते. ती निवड कान देऊन, थोडे गणित करून आणि घरात आहे त्याच ॲम्पवर करता येते, एवढे जरी एखाद्या विद्यार्थ्याला समजले तरी त्याच्या पालकांचे काही हजार रुपये वाचतील आणि त्याचे कानही शाबूत राहतील.